दांपत्य, शेजार आणि सखी : 'आय लव्ह ल्यूसी' या विनोदी मालिकेचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

पाश्चात्त्य सुखात्मिकेची परंपरागत मांडणी विवाहापाशी येऊन संपते. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी 'ॲनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम' (१९५७) या ग्रंथात या मांडणीचे सविस्तर विवेचन केले आहे. परस्परांवर प्रेम करणारे तरुण-तरुणी, त्यांच्या मार्गात उभा राहिलेला वडीलधाऱ्यांचा अडथळा, त्या अडथळ्याचे निवारण आणि अखेरीस विवाहाच्या किंवा मेजवानीच्या निमित्ताने सर्वांचे एकत्र येणे, असा तिचा क्रम असतो. दूरचित्रवाणीवरील प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हणजेच 'सिटकॉम', मात्र पुष्कळदा जेथे ही सुखात्मिका संपते तेथूनच सुरू होते. नायक-नायिकेचा विवाह झालेला असतो, बिऱ्हाड थाटलेले असते आणि तरीही दर आठवड्याला नवा पेच निर्माण करून तो अर्ध्या तासात सोडवायचा असतो. हा पेच संसार मोडण्याइतका गंभीर असून चालत नाही. कारण पुढच्या आठवड्यात तेच दांपत्य त्याच दिवाणखान्यात दिसले पाहिजे.

अशा वेळी लेखकाच्या मदतीला शेजारी येतात. या प्रकारच्या मालिकांतील विक्षिप्त मित्र आणि शेजारी ही केवळ तोंडी लावण्यापुरती योजलेली पात्रे आहेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत निबंधात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी अमेरिकन दूरचित्रवाणीवर १५ ऑक्टोबर १९५१ ते ६ मे १९५७ या काळात प्रक्षेपित झालेल्या 'आय लव्ह ल्यूसी' या मालिकेची निवड केली आहे. या मालिकेतील दांपत्य विनोदाचे केंद्र असले, तरी तिच्या अर्थाचे केंद्र दोन घरांच्या मधल्या दारात आहे, आणि ल्यूसी व एथेल या दोन शेजारणींच्या मैत्रीचा विचार केल्याखेरीज या मालिकेविषयीचा स्त्रीवादी वाद पूर्ण होत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

'आय लव्ह ल्यूसी' ही सीबीएस या वाहिनीवरील मालिका. ल्यूसिल बॉल आणि देसी अर्नाझ हे प्रत्यक्ष जीवनातील पती-पत्नी तीत ल्यूसी व रिकी रिकार्डो या भूमिका करीत असत. रिकी हा न्यूयॉर्कमधील एका नाइट क्लबात वाद्यवृंद चालवणारा क्यूबन गायक. ल्यूसी ही त्याची अमेरिकन पत्नी. पतीप्रमाणे आपणही रंगमंचावर झळकावे ही तिची अनावर इच्छा, आणि तिने घर सांभाळावे ही त्याची अपेक्षा. या एका विरोधातून मालिकेतील असंख्य कथानके जन्माला आली. अमेरिकन गृहिणीच्या पतीच्या भूमिकेत क्यूबन उच्चारांचा नट प्रेक्षक स्वीकारतील काय, अशी शंका वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी प्रारंभी घेतली होती. तिला उत्तर म्हणून या दांपत्याने १९५० मध्ये रंगमंचावरील कार्यक्रमांचा दौरा काढला आणि प्रेक्षकांची पसंती सिद्ध करून दाखवली.

निर्मितीच्या दृष्टीनेही ही मालिका महत्त्वाची ठरली. त्या काळी बहुसंख्य कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. बॉल आणि अर्नाझ यांनी आपल्या 'डेसिलू' या संस्थेमार्फत हॉलिवूडमध्ये, प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण करण्याचा मार्ग स्वीकारला. त्यासाठी मानधनात कपात मान्य करून त्यांनी चित्रीकरणाची मालकी आपल्याकडे ठेवली. छायाचित्रणाची धुरा कार्ल फ्रॉइंड यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रपट-छायालेखकाकडे होती. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल (ज्युनियर) हे आरंभीचे लेखक. मूळ मालिकेचे १८० भाग झाले आणि फिल्मवरील चित्रीकरणामुळे ते पुन्हापुन्हा दाखवता आले. हसणारा प्रेक्षक समोर बसलेला असल्यामुळे नटांना हशाची लय सांभाळून अभिनय करावा लागे. मालिकेला नाटकाचा जिवंतपणा आणि चित्रपटाचा टिकाऊपणा असे दोन्ही लाभ झाले, ते यामुळेच.

दुसरे दांपत्य : वरिष्ठापासून घरमालकापर्यंत

या मालिकेचे मूळ 'माय फेव्हरिट हजबंड' (१९४८-१९५१) या नभोनाट्य-मालिकेत आहे. तीतही ल्यूसिल बॉल यांचीच प्रमुख भूमिका होती आणि तीतही मुख्य दांपत्याच्या जोडीला वयाने मोठे असे दुसरे दांपत्य होते. परंतु नभोवाणीवरील हे दुसरे दांपत्य म्हणजे नायकाचा बँकेतील वरिष्ठ अधिकारी आणि त्याची पत्नी. दूरचित्रवाणी मालिकेसाठी १९५१ मध्ये जो नमुना-भाग तयार करण्यात आला, त्यात तर दुसरे दांपत्य नव्हतेच. मालिका प्रत्यक्ष सुरू होताना मात्र फ्रेड आणि एथेल मर्ट्झ हे दांपत्य तीत आले. विल्यम फ्रॉली आणि व्हिव्हियन व्हान्स यांनी या भूमिका केल्या. फ्रेड आणि एथेल हे रिकार्डोंच्या इमारतीचे मालक, त्याच इमारतीत राहणारे आणि पूर्वायुष्यात रंगमंचावर छोटीमोठी कामे केलेले.

हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी त्याने संपूर्ण नाते पालटले. वरिष्ठाच्या पत्नीशी मैत्री करताना नायिकेला पतीच्या नोकरीचे भान ठेवावे लागते. तेथे मैत्रीवर कचेरीची सावली असते. घरमालक आणि भाडेकरू यांच्या नात्यातही सत्तेचा अंश आहेच. पण येथे तो अंश विलक्षण रीतीने समतोल झालेला दिसतो. मर्ट्झ इमारतीचे मालक असले तरी राहणीने साधे, आणि फ्रेडचा कंजूषपणा हा तर नित्याच्या विनोदाचा विषय. रिकार्डो भाडेकरू असले तरी प्रसिद्धीच्या वलयात वावरणारे. एका बाजूला मालकी, दुसऱ्या बाजूला लौकिक. त्यामुळे दोन्ही घरे एकमेकांना उपकृतही करू शकतात आणि दुखावूही शकतात. एथेल स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने केव्हाही आत येते आणि तिच्या येण्याला कारण लागत नाही.

या नात्याची परीक्षा पाहणारे दोन भाग येथे विचारात घेण्याजोगे आहेत. १९५२ मधील 'ब्रेकिंग द लीज' या भागात रात्रीच्या गोंगाटावरून दोन्ही दांपत्यांत भांडण होते. रिकार्डो घर सोडायला निघतात; मर्ट्झ भाडेकरारावर बोट ठेवतात. मग करार मोडला जावा म्हणून रिकार्डो मुद्दाम असह्य भाडेकरू होण्याचा चंग बांधतात. मैत्री तुटताच तिच्याखाली दडलेला करार वर येतो आणि मैत्री जुळताच तो पुन्हा अदृश्य होतो, हे या भागाने हसतहसत दाखवले आहे. १९५३ मधील 'नो चिल्ड्रन अलाउड' या भागात हीच गोष्ट अधिक सूक्ष्म झाली आहे. इमारतीत मुलांना मज्जाव करणारे कलम करारात असते आणि रिकार्डोंच्या तान्ह्या मुलाच्या रडण्याबद्दल मिसेस ट्रंबुल ही वृद्ध शेजारीण तक्रार घेऊन येते. एथेल रिकार्डोंच्या बाजूने ठाम उभी राहते. परंतु पुढे ती आपल्या या औदार्याची कथा ज्याला त्याला ऐकवू लागते आणि उपकाराचा हा वारंवार उच्चार ल्यूसीला सोसवेनासा होतो. केलेला उपकार बोलून दाखवला की तो कर्जासारखा वाटू लागतो. शेजारधर्माचे इतके नेमके निरीक्षण करमणुकीच्या कार्यक्रमात आढळावे, ही दखल घेण्यासारखी गोष्ट आहे. तक्रार करणारी मिसेस ट्रंबुलच पुढे त्या मुलाला सांभाळणारी होते, हेही लक्षणीय आहे. या इमारतीत शेजारी फार काळ परका राहू शकत नाही.

विनोदाची यंत्रणा

प्रक्षेपित झालेल्या पहिल्याच भागात मालिकेची यंत्रणा स्पष्ट होते. मर्ट्झ दांपत्याच्या विवाहाचा अठरावा वाढदिवस आहे. स्त्रियांना नाइट क्लबात जायचे आहे, पुरुषांना मुष्टियुद्ध पाहायचे आहे. पेच ल्यूसीच्या संसारातून उद्भवलेला नाही. तो शेजारच्या घरातील प्रसंगातून आला आहे. शिवाय भांडण 'ल्यूसी विरुद्ध रिकी' असे नसून 'दोन स्त्रिया विरुद्ध दोन पुरुष' असे आहे. पती-पत्नींमधील मतभेद दोन गटांमधील खेळाचे रूप घेतो. पुरुष दुसऱ्या मैत्रिणी शोधू पाहतात आणि ल्यूसी व एथेल खेडवळ स्त्रियांचे सोंग घेऊन त्यांच्यापुढे येतात. दोनच माणसांच्या संसारात हे कथानक घडले असते, तर त्यातून संशय आणि मनस्ताप निर्माण झाला असता. चौघांमध्ये घडल्यामुळे तो लपंडाव ठरतो. गंभीर शक्यतेला निरुपद्रवी करणे हे शेजारी दांपत्याचे पहिले कार्य होय.

१५ सप्टेंबर १९५२ रोजी प्रक्षेपित झालेला 'जॉब स्विचिंग' हा भाग मालिकेतील सर्वाधिक गाजलेल्या भागांपैकी एक आहे. बँकेत शिल्लक नसताना ल्यूसीने धनादेश दिल्यामुळे वाद होतो. पैसा कमावणे कठीण की घर चालवणे कठीण, यावर दोन्ही पक्ष हट्टाला पेटतात आणि कामांची अदलाबदल ठरते. ल्यूसी व एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. रिकी व फ्रेड स्वयंपाकघरात शिरतात आणि भात उतू जाऊन जमिनीवर पसरतो. कारखान्यातील प्रसंग सर्वपरिचित आहे. सरकत्या पट्ट्यावरून येणारे प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळायचे असते आणि एक जरी तसेच पुढे गेले तरी नोकरी जाणार, अशी ताकीद असते. पट्ट्याचा वेग वाढू लागताच दोघी चॉकलेटे तोंडात, टोपीत, झग्याच्या गळ्यात कोंबू लागतात. तपासणीस आलेली मुकादमीण पट्टा रिकामा पाहून समाधान पावते आणि वेग आणखी वाढवण्याचा हुकूम देते.

आंरी बर्गसाँ यांनी 'हास्य' (१९००) या ग्रंथात जिवंत, लवचीक अशा मानवी वर्तनावर यांत्रिकतेचे आवरण चढले की हसू येते, असा सिद्धांत मांडला आहे. हा प्रसंग त्या सिद्धांताचे जणू पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. परंतु बर्गसाँच्या चौकटीत न मावणारी एक गोष्ट येथे आहे. प्रेक्षक हसतो तो केवळ यंत्र झालेल्या माणसाला नव्हे. एकाच संकटात सापडून एकमेकींकडे चोरून पाहणाऱ्या दोन मैत्रिणींना तो हसतो. ल्यूसी एकटी असती, तर तो प्रसंग असहाय कामगाराचा झाला असता. एथेल शेजारी उभी असल्यामुळे त्यात कटाची, खोडीची आणि सोबतीची गंमत येते.

सखी : विवाहानंतरची

येथे भारतीय वाचकाला संस्कृत नाटकातील सखीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नायकाला विदूषक, तशी नायिकेला सखी. 'अभिज्ञानशाकुंतला'तील अनसूया आणि प्रियंवदा या शकुंतलेच्या मनातले ओळखतात, तिच्या प्रेमाला वाट करून देतात, तिच्यावर आलेले शापाचे संकट हलके करण्याची धडपड करतात. परंतु चौथ्या अंकात शकुंतला पतिगृही निघते तेव्हा त्या तिच्याबरोबर जात नाहीत. त्यांचाही विवाह व्हायचा आहे, म्हणून त्यांनी तेथे जाणे योग्य नव्हे, असे कण्व सांगतात आणि सोबतीला गौतमी जाते. सखीचे नाट्यगत कार्य विवाहापाशी संपते. पुढे राजसभेत शकुंतला नाकारली जाते, त्या वेळी तिच्या बाजूला सखी नसते.

'आय लव्ह ल्यूसी'मध्ये हा क्रम उलटा झाला आहे. येथे सखी विवाहानंतर भेटते. ल्यूसीचे माहेर दूर आहे, पती रात्री उशिरापर्यंत क्लबात आहे. दिवसभराच्या घरात तिच्याबरोबर आहे ती एथेल. तिची भूमिका नायक-नायिकेचे मीलन घडवण्याची नाही, कारण ते आधीच घडलेले आहे. पत्नीपणाच्या चौकटीत न सामावणारी ल्यूसी जिच्यापुढे प्रकट होऊ शकते, अशी व्यक्ती होणे हे एथेलचे काम. ल्यूसी रिकीपासून जवळजवळ प्रत्येक बेत लपवते. एथेलपासून क्वचितच काही लपवते. बेत आखणे, त्याला एथेलने आधी विरोध करणे, मग कुरकुरत सामील होणे आणि शेवटी दोघींनी मिळून फजिती सोसणे, हा त्यांच्या सहजीवनाचा परिपाठ आहे. १९५४ मधील 'द मिलियन डॉलर आयडिया' या भागात दोघी सॅलडवरील घरगुती चटणीचा व्यवसाय सुरू करतात. किंमत चुकीची ठेवल्यामुळे मागणी वाढेल तसा तोटा वाढू लागतो. व्यवसाय बुडतो, भागीदारी बुडत नाही.

लेखकांना या नात्याचे मोल पुरते ठाऊक असावे. १९५५ मध्ये कथानक हॉलिवूडला गेले तेव्हा मर्ट्झ बरोबर गेले. त्यानंतरच्या युरोपच्या दौऱ्यात फ्रेड वाद्यवृंदाचा व्यवस्थापक झाला आणि एथेलही सोबत राहिली. १९५७ मध्ये रिकार्डो न्यूयॉर्क सोडून कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे ग्रामीण परिसरात राहायला गेले. तेथे रॅम्झी हे नवे शेजारी भेटले. तरीही काही भागांतच मर्ट्झ दांपत्य कोंबड्या पाळण्याच्या निमित्ताने त्यांच्या पाहुण्यांसाठीच्या घरात दाखल झाले. मालिकेला शहर बदलता आले, घर बदलता आले, देशही बदलता आला. शेजार बदलता आला नाही.

या स्थलांतराला सामाजिक संदर्भही आहे. महायुद्धोत्तर काळात लक्षावधी अमेरिकन कुटुंबे शहरातील जुनी वस्ती सोडून उपनगरांतील स्वतंत्र घरांत राहायला गेली. लिन स्पिगेल यांनी 'मेक रूम फॉर टीव्ही' (१९९२) या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, या कुटुंबांसाठी पडद्यावरील कुटुंबे हाच एक प्रकारचा शेजार झाला होता. ज्या गृहिणीच्या स्वयंपाकघराला एथेलसारखे कोणी येईल असे मागचे दार उरले नव्हते, ती दर सोमवारी रात्री ते दार उघडताना पाहत होती.

स्त्रीवादी आक्षेप आणि त्याची मर्यादा

या मालिकेवरील सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रीवादी समीक्षेने घेतला आहे. पॅट्रिशिया मेलनकँप यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रभावी निबंधात फ्रॉइडच्या विनोदविषयक विचारांच्या आधारे या मालिकेतील दुहेरी पेच उलगडून दाखवला. घराबाहेर पडण्याचा ल्यूसीचा प्रत्येक प्रयत्न फसतो आणि भागाच्या शेवटी ती पतीच्या मिठीत परत येते. स्त्रीच्या मनातील संतापाची जागा आनंदाने घेतली जाते. विनोद हे स्त्रीचे शस्त्र असेलही, पण त्याच विनोदाने बंदिवास सुसह्यही होतो, असा या विवेचनाचा रोख आहे. मेलनकँप यांनी ल्यूसिल बॉल यांच्या अभिनयाचे सामर्थ्य नाकारलेले नाही. किंबहुना कथानक तिला आवळत असताना तिचा अभिनय त्या कथानकावर मात करतो, हे त्यांनी आवर्जून नमूद केले आहे.

हा आक्षेप डावलता येण्यासारखा नाही. 'जॉब स्विचिंग'च्या शेवटी पुरुष आपली हार मान्य करतात, आणि चॉकलेटला विटलेल्या त्या दोघींना कृतज्ञता म्हणून चॉकलेटचेच खोके भेट देतात. सर्वजण आपापल्या जागी परततात. १९५३ मधील 'ईक्वल राइट्स' या भागात समानतेची मागणी करणाऱ्या स्त्रियांना उपाहारगृहात स्वतःचे बिल स्वतः भरा असे सांगितले जाते आणि पैसे नसल्यामुळे त्यांना भांडी घासावी लागतात. ज्या समाजव्यवस्थेने त्यांच्या हाती पैसा ठेवलेला नाही, तिच्याकडे बोट न दाखवता विनोद त्यांच्या फजितीवरच थांबतो.

तथापि, या विवेचनात दोन मर्यादा जाणवतात. पहिली अशी की त्यात शेवटाला अवाजवी महत्त्व मिळते. मालिकेचा प्रेक्षक शेवट आधीच जाणून असतो. तो पाहायला बसतो ते शेवटाकडे जाणाऱ्या वाटेसाठी. त्या वाटेवरचा बहुतांश काळ ल्यूसी आणि एथेल एकत्र असतात. अखेरच्या क्षणी होणारी मिठी पतीची असली, तरी त्याआधीच्या श्रमात, भीतीत आणि हास्यात तिची सोबत करणारी शेजारीण असते. दुसरी मर्यादा अशी की हे विवेचन ल्यूसीला एकटी स्त्री म्हणून पाहते. पती आणि पत्नी हा एकच अक्ष धरला, तर ल्यूसी दर आठवड्याला हरते. शेजारणीचा दुसरा अक्ष विचारात घेतला, तर तिचे जे टिकून राहते तेही दिसू लागते. पुढच्या सोमवारी नवा बेत आखण्याचे बळ तिला कोठून मिळते, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या अक्षावर सापडत नाही.

ल्यूसीच्या गर्भारपणाच्या भागांतही हे जाणवते. डिसेंबर १९५२ मध्ये प्रक्षेपित झालेल्या पहिल्या भागात 'गर्भवती' या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द उच्चारण्यास परवानगी नव्हती आणि या भागांच्या संहिता धर्मगुरूंकडून तपासून घेतल्या जात. १९ जानेवारी १९५३ रोजी मुलाच्या जन्माचा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला, असा अंदाज नोंदवला गेला आहे. दुसऱ्याच दिवशी झालेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या प्रेक्षकसंख्येपेक्षा ही संख्या अधिक होती. त्या भागात रिकी, फ्रेड आणि एथेल रुग्णालयात जाण्याची काटेकोर तालीम करतात आणि वेळ येताच गोंधळून ल्यूसीला घरातच विसरून बाहेर धावतात. एका कुटुंबाचा क्षण तिघांच्या घाबरगुंडीमुळे संपूर्ण शेजाराचा क्षण होतो.

एथेलने मोजलेली किंमत

येथवरच्या विवेचनावरून ही मैत्री निर्दोष होती असा समज होऊ नये. विनोदाचा लाभ आणि विनोदाचा भार या मालिकेत समान वाटला गेलेला नाही. ल्यूसीच्या वाट्याला स्वप्ने आहेत. एथेलच्या वाट्याला बहुधा ल्यूसीची स्वप्ने आहेत. रिकार्डोंच्या संसारात भांडणाइतकाच प्रणय आहे, तर मर्ट्झांच्या संसारातील प्रणयाचा अभाव हाच विनोदाचा विषय आहे. फ्रेडचे एथेलच्या रूपावरील आणि वजनावरील टोमणे आज ऐकताना हसू येण्यापूर्वी संकोच वाटतो. या दोन भूमिका करणाऱ्या नटांच्या वयात बावीस वर्षांचे अंतर होते. एक दांपत्य उजळ दिसावे म्हणून दुसरे मंद ठेवले गेले आहे. मर्ट्झ दांपत्य हे रिकार्डो दांपत्याचे संभाव्य भविष्य आहे, ही शक्यता मालिका सुचवते आणि लगेच हसण्यावारी नेते. एथेलचे मधले नावसुद्धा वेगवेगळ्या भागांत लुईज, रॉबर्टा, मे असे वेगवेगळे येते. दुय्यम पात्राविषयीची लेखकांची बेफिकिरी त्यातून उघड होते.

या दृष्टीने १९५५ मधील 'एथेल्स होमटाउन' हा भाग फार बोलका आहे. हॉलिवूडच्या वाटेवर चौघे आल्बकर्की या एथेलच्या गावी थांबतात. चित्रपटासाठी बोलावणे आले आहे ते एथेललाच, असा गावाचा समज झालेला असतो आणि एथेल तो दूर करत नाही. गावच्या नाट्यगृहात तिचा गाण्याचा कार्यक्रम ठरतो. ती मनापासून गात असताना ल्यूसी, रिकी आणि फ्रेड तिच्या पाठीमागे माकडचेष्टा करून प्रेक्षकांना हसवतात आणि तिचा कार्यक्रम उधळून लावतात. रंगमंचावर उभे राहण्यासाठी जी ल्यूसी वर्षानुवर्षे धडपडते आणि प्रत्येक धडपडीत जिला एथेलची साथ मिळते, तीच ल्यूसी एथेलच्या एकमेव संधीच्या वेळी उलट्या बाजूला उभी राहते. हा प्रसंग विनोदी आहे, पण मैत्रीतील विषमता त्यात लपत नाही. मेलनकँप यांनी ल्यूसीविषयी जे म्हटले, ते कदाचित एथेलविषयी अधिक खरे आहे. तिच्या संतापाला तर अर्ध्या तासाची वाटही मिळालेली नाही.

व्यवहारात मात्र व्हिव्हियन व्हान्स यांच्या अभिनयाची दखल घेतली गेली. १९५४ मध्ये साहाय्यक अभिनेत्रीसाठीचा एमी पुरस्कार त्यांना मिळाला. ल्यूसीची प्रत्येक अतिशयोक्ती पटते, ती एथेलच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या अविश्वासामुळे. प्रेक्षकाच्या मनातील शंका ती आधी व्यक्त करते आणि ती बेतात सामील झाली की प्रेक्षकही सामील होतो.

भारतीय दूरचित्रवाणीवरील एक तुलना

हाच साचा भारतीय प्रेक्षकांना दूरदर्शनवरील 'ये जो है जिंदगी' (१९८४) या मालिकेमुळे परिचित झाला. शरद जोशी यांच्या लेखनातून साकारलेल्या या मालिकेत रंजित आणि रेणू हे दांपत्य व रेणूचा भाऊ राजा यांच्याभोवती कथानक फिरते. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांनी या भूमिका केल्या. बाहेरून येणाऱ्या विक्षिप्त माणसाची भूमिका मात्र प्रत्येक भागात सतीश शाह हे एकच नट वेगवेगळ्या सोंगांत करीत. विक्षिप्त आगंतुक ही व्यक्ती नसून एक कार्य आहे, हे या योजनेने अतिशय कल्पकतेने उघड केले. परंतु त्याच योजनेमुळे रेणूला एथेल लाभू शकली नाही. दर आठवड्याला चेहरा बदलणारे पात्र पेच निर्माण करू शकते. दर आठवड्याला सोबत करू शकत नाही. घरात कायमचा राहणारा तिसरा माणूस येथे भाऊ आहे, सखी नाही. त्यामुळे विनोद कमी झाला असे मुळीच नाही. पण पत्नीच्या स्वतंत्र आकांक्षेला कथानकात जागा मिळण्याचा एक मार्ग मात्र बंद झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. विवाहोत्तर सुखात्मिकेत शेजारी हे पूरक पात्र नसून रचनेची गरज आहे. दांपत्यातील संघर्षाला खेळाचे रूप देणे आणि तो संसार मोडण्यापासून वाचवणे हे कार्य शेजारी करतात.

२. नभोवाणीवरील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या जागी घरमालक-शेजारी आल्यामुळे 'आय लव्ह ल्यूसी'मध्ये मालकी व लौकिक यांचा समतोल साधला गेला आणि दोन स्त्रियांच्या मोकळ्या मैत्रीला अवकाश मिळाला.

३. पती-पत्नी या एकाच अक्षावर केलेले स्त्रीवादी वाचन ल्यूसीचा पराभव अचूक दाखवते. परंतु तिच्या पुनःपुन्हा उभे राहण्याचे स्पष्टीकरण ल्यूसी-एथेल या दुसऱ्या अक्षावर मिळते.

४. ही मैत्री समान पातळीवरची नाही. तिची किंमत मुख्यतः एथेलने मोजली आहे आणि मालिकेचा गौरव करताना याचा विसर पडता कामा नये.

बॉल आणि अर्नाझ यांचा प्रत्यक्ष विवाह १९६० मध्ये घटस्फोटात संपला. १९६२ मध्ये अर्नाझ यांचा हिस्सा विकत घेऊन ल्यूसिल बॉल 'डेसिलू'च्या प्रमुख झाल्या. पडद्यावरील ल्यूसीला कधी न मिळालेले बाहेरचे जग त्यांनी प्रत्यक्षात मिळवले. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'द ल्यूसी शो' या त्यांच्या नव्या मालिकेत पतीचे पात्र नव्हते. ल्यूसी विधवा दाखवली होती. तिच्याबरोबर एकाच घरात राहणारी मैत्रीण होती आणि ती भूमिका व्हिव्हियन व्हान्स यांची होती. पतीवाचून ही मालिका उभी राहू शकते, शेजारणीवाचून नाही, असा निर्णय निर्मात्यांनीच दिल्यासारखा हा बदल आहे. समीक्षेनेही तो विचारात घेणे आवश्यक आहे.